अण्णांच्या वहीतले उतारू

आमच्या घरमालकांच्या घरात नेमकी किती माणसं राहतात, हे बंगळूरमधल्या कुठल्याही सरकारी कागदावरून कळणार नाही. नळजोडणीची नोंद करायला आलेल्या माणसाला त्यांनी चार सांगितली होती, डासांच्या फवारणीवाल्याला नऊ. गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेल्या एका बाईंना तर "मोजायला पायजेत, पुढच्या आठवड्यात या" असं सांगून, चहा पाजून परत पाठवलं होतं. प्रत्यक्षात खाली ते एकटे राहायचे आणि वरच्या मजल्यावर मी.

"खरं का सांगत नाही हो?" मी एकदा विचारलं.

"आकडा एकदा दिला की तो आपला राहात न्हाई बाई," ते म्हणाले. "मग तो तिकडं हापिसात बसतो आणि आपल्याला सांगतो कसं राहायचं ते."

के. आर. पुरमच्या त्या गल्लीत त्यांना सगळेच अण्णा म्हणायचे. त्यांचं खरं नाव दारावर नव्हतं, वीजबिलावर चुकीचं होतं, आणि ती चूक त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती. माणूस चिकोडीकडचा, म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि तमिळमध्ये फक्त शिव्या. उभी हयात रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून गेली होती. पुरम शहराबाहेर होतं तेव्हा रुळांच्या मागे जागा घेऊन त्यांनी हे घर बांधलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या खिडकीतून गाड्या दिसायच्या, आणि कुठलीही गाडी आली की अण्णा हातातलं काम टाकून तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत बघत उभे राहायचे. जेवत असले तरी उठायचे. घास हातात, डोळे खिडकीकडे. शेवटचा डबा दिसला की "पुरी गेली" असं पुटपुटायचे, आणि मगच घास तोंडात जायचा.

मला घर देताना त्यांनी माझी जी उलटतपासणी घेतली तेवढी नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा कुणी घेतली नव्हती. गाव कुठलं, वडील काय करतात, नागपूरहून इतक्या लांब कशाला आलात, तिकडं कामं न्हाईत काय. मी कॉम्प्युटरवर काम करते, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. बंगळुरात कोण कॉम्प्युटरवर काम करत नाही? पण खरं काम सांगायचं मी टाळलं. मी एका सल्लागार कंपनीत होते. नव्या वेगवान रेल्वेमार्गावर किती लोक प्रवास करतील, याचे अंदाज आम्ही बांधत असू. रुळांच्या कडेला राहणाऱ्या माणसाला 'सर्वेक्षण' हा शब्द ऐकवला की त्याला आपल्या भिंतीवर लाल रंगाची खूण दिसायला लागते, हे मला कामावरून ठाऊक होतं. शिवाय माझा स्वभावही संशयीच. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना शोभणारे घरमालक-भाडेकरू होतो.

माझी कॅब सकाळी गल्लीत यायची तेव्हाचा एक विधी होता. मी बसले की अण्णा बाहेर यायचे. गाडीच्या एका बाजूने चालत मागे जायचे, वळायचे, दुसऱ्या बाजूने पुढे यायचे, चारी दारं डोळ्यांखालून घालायचे आणि मग उजवा हात वर करायचे. हा हात वर झाल्याशिवाय गाडी सुटायची नाही. "अण्णा, टाइम आगतदे," उशीर होतोय, म्हणून ड्रायव्हर कळवळायचा. "स्वल्प इरप्पा," थांब जरा बाबा, असं अण्णा शांतपणे म्हणायचे. गार्डने गाडी दोन्ही अंगांनी बघायची असते, एका अंगाने बघितलेली गाडी म्हणजे न बघितलेली गाडी, असं त्यांचं म्हणणं. म्हातारपणी नोकरी डोक्यातून जात नाही बिचाऱ्यांच्या, असं मी समजत होते. आणि खरं सांगायचं तर, परक्या शहरात रोज सकाळी कुणीतरी आपली गाडी तपासून सोडतंय, हे मला आवडायचं.

पुढे व्हाइटफील्डपर्यंतच्या त्या एवढ्याशा रस्त्याला सव्वा तास लागायचा. त्या कोंडीत बसून मी ताशी किती वेगाने गाडी नेली तर किती लोक विमान सोडून रेल्वेत येतील, याची कोष्टकं भरायची.

माझं भांडं फुटलं ते रद्दीमुळे. एके रविवारी मी खाली आले तर अण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चष्मा लावून बसलेले, आणि मांडीवर माझे कागद. अहवालाचे कच्चे मसुदे, मी आदल्या दिवशी रद्दीत टाकलेले. त्यांनी पानं क्रमाने लावली होती. काही ओळींखाली पेन्सिलीने रेघाही मारल्या होत्या.

माझा पारा चढला. "अण्णा, दुसऱ्याचे कागद असे वाचतात का?"

"रद्दीत टाकलासा म्हंजे तुमचं ऱ्हायलं न्हाई," ते वर न बघता म्हणाले. "आणि कॉम्प्युटरवर काम म्हंजे हे काय?"

मी वर निघून गेले. त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली ती कायमची. या माणसाने मला घर दिलं तेव्हाच याला माझं काम ठाऊक होतं का? माझं टपाल आधी याच्या हाती पडतं, ते उघडून बघतो का? मी खोलीला दुसरं कुलूप लावलं. त्यांनी ते पाहिलं, आणि संध्याकाळी जिन्याच्या दाराला आतून एक कडी बसवून घेतली.

तरी आम्ही बोलत राहिलो. संध्याकाळी जगलीवर, म्हणजे घरापुढच्या त्यांच्या त्या छोट्या ओट्यावर, चहा व्हायचा. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी हिरिरीने सांगायची. बंगळूरहून बेळगाव काही तासांत. सकाळी निघा, काम करा, रात्री परत. तिकडच्या मुलांना इकडच्या नोकऱ्या. शहराची सूज कमी होईल, बाकीच्या जिल्ह्यांना पैसा मिळेल.

"मधी कुठं कुठं थांबणार?"

"वेगाच्या गाडीला फार थांबून चालत नाही अण्णा. तीन-चार मोठी स्टेशनं."

"आणि पुरमहून तुमच्या व्हाइटफील्डला जाईल न्हवं ती? तेवढं सव्वा तासाचं काम तरी होऊ दे." मग ते हसायचे, पण थोडा वेळच. "मी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात बसून केली बाई. आमच्याकडनं साखर गेली, दगड गेला, खनिज गेलं. भरलेल्या वाघिणी मी स्वतः आणल्या इकडं. परत जाताना रिकाम्या न्यायच्या. रिकाम्या वाघिणीचा आवाज लई वेगळा असतो. आता तुमी म्हणतासा तीच गाडी आणखी जोरात पळवू. पळवा की. खरं, इकडं येताना भरलेली, तिकडं जाताना रिकामी, एवढंच हुईल, आणि लौकर हुईल."

हे ऐकलं की मला माझे बाबा आठवायचे. नागपूरला आमच्या जेवणात विदर्भाचा अनुशेष लोणच्यासारखा रोज तोंडी लावायला असायचा. कुठला कारखाना पुण्याला गेला, कुठलं धरण अर्धवट राहिलं. ते ऐकून ऐकून मी विटले होते. दरवेळी आपल्याच तोंडाला पानं पुसली गेली असं मानणाऱ्या माणसांना दुसरं काही दिसतच नाही, असं माझं ठाम मत होतं. अण्णा त्याच पंथाचे, एवढंच मी धरून चालले.

मग एक दिवस ते माझ्या दाराशी आले. जिना चढून, दुखऱ्या गुडघ्यानिशी. वर्षभरात पहिल्यांदाच. हातात एक जाड वही होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली.

"तुमच्या कागदात आमचं स्टेशन हाय," ते म्हणाले.

होतं खरं. नव्या मार्गाच्या जोडीला जुन्या मार्गावरच्या गाड्याही वेगवान करायच्या होत्या, म्हणजे लहान गावांतून लोक झटपट मोठ्या स्टेशनाला पोचतील. त्यासाठी कुठले थांबे काढता येतील याची एक यादी आम्ही करत होतो. आमचे साहेब लहान थांब्यांना 'गाडीच्या पायातले खडे' म्हणायचे. अण्णांच्या गावचं स्टेशन त्या यादीत होतं. दिवसातून सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी पॅसेंजर तिथे थांबायची. गावात त्यांची मोठी बहीण राहायची, ऐंशीच्या पुढची. तिला ते अक्का म्हणायचे. दर महिन्याला ते तिच्याकडे जाऊन चार दिवस राहून यायचे. जंक्शनला उतरून ही पॅसेंजर धरली की ती त्यांना अक्काच्या दारापासून शंभर पावलांवर सोडायची. थांबा गेला तर जंक्शनपासून बस, बसनंतर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, आणि वडापनंतर दोन मैल चालणं. त्यांचा गुडघा वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन यायला कुरकुरायचा. त्या थांब्यावर त्यांचं अक्काकडे जाणं अवलंबून होतं, आणि हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. त्यांच्या तोंडून एवढं सरळ काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"ह्यात रोजचे उतारू लिवलेत," त्यांनी वही पुढे केली. "संध्याकाळच्या गाडीचे. हे तुमच्या कागदात घाला."

मी वही उघडली. तारीख, वार, आणि एक आकडा. पानांमागून पानं, तीन वर्षांची. पन्नास, चव्वेचाळीस, एकसष्ट, बाजाराच्या दिवशी ऐंशीच्या वर. अक्षर एका हाताचं, सुबक, गार्डच्या नोंदवहीतलं असावं तसं. आणि गंमत म्हणजे एकही दिवस रिकामा नव्हता.

"अण्णा, तुम्ही महिन्यातून चार दिवस तिकडे असता. बाकीचे दिवस कोण मोजतं?"

"मोजतंय कोण तरी."

"कोण? तुमच्या अक्का?"

"ते कशाला पायजे? आकडे पायजेत तर आकडे घ्या."

"कुठे उभं राहून मोजतात? कसे मोजतात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. सांगावं की नाही, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसत होता. मग म्हणाले, "तुमी हापिसची माणसं. कसं ते सांगितलं तर तेवढंच लिवून घ्यालासा."

आता माझ्या जागी कुणीही असतं तरी काय केलं असतं? ज्या माणसाने आपल्या स्वतःच्या घरातली माणसं एकाला चार आणि दुसऱ्याला नऊ सांगितली, त्याने सहाशे किलोमीटरवरच्या स्टेशनावरचे रोजचे उतारू पुरमच्या खुर्चीत बसून लिहिले होते, आणि स्रोत विचारला तर ओठ घट्ट. वही मी ठेवून घेतली नाही. पण एक केलं. त्या स्टेशनाची मोजणी दुसऱ्या कुणाला न देता माझ्याकडे मागून घेतली. "मी स्वतः जाऊन मोजते अण्णा," म्हटलं. "जे दिसेल ते लिहीन, कमी नाही, जास्त नाही."

"दिसेल ते," ते म्हणाले, आणि मान हलवली. ती होकाराची होती की आणखी कशाची, हे मी त्या वेळी बघितलं नाही.

मी गेले. उन्हाचे दिवस होते. एक बुटका फलाट, दोन कडुलिंबं, तिकिटाची बंद खिडकी आणि एक हातपंप. रुळांपलीकडे उंच वाढलेला ऊस आणि त्यामागे कुठेतरी गाव. संध्याकाळची पॅसेंजर आली. मी फलाटाच्या मधोमध उभी, हातात मोजणीचं यंत्र, अंगठा बटणावर. डोळ्यांत तेल घालून बघत होते. एक म्हातारं जोडपं उतरलं, दुधाच्या किटल्यावाले तिघं, एक शिक्षक वाटणारा गृहस्थ, असे सगळे मिळून अकरा. लगेच शिट्टी झाली. पुढच्या स्टेशनावरची मोजणीही माझ्याकडेच होती, म्हणून मी धावत त्याच गाडीत चढले. डबा जवळजवळ मोकळा होता. माझी खात्री अधिकच पटली. इतक्या मोकळ्या गाडीतून साठ माणसं कुठून उतरणार?

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. फोनवर सांगता आलं असतं, पण समोर बसून सांगावं असं वाटलं. "अण्णा, अकरा."

त्यांनी तारीख विचारली. आत जाऊन वही आणली, पान काढलं, बघितलं आणि मिटली. माझ्यासमोर धरली नाही, आणि मीही मागितली नाही. मागायला हवी होती.

"फलाटावर हुबारलासा काय?"

"मग कुठे उभी राहणार?"

"आणि मग?"

"मग गाडीत चढले. पुढचं स्टेशन होतं."

"सरी," ते म्हणाले. कन्नडमधलं 'सरी' म्हणजे ठीक, बरं, झालं ते झालं. त्यांनी चहाचे कप उचलले.

दुसऱ्या दिवशी कॅब आली. मी बसले. ड्रायव्हरने सवयीने आरशात बघितलं, मीही दाराकडे बघितलं. अण्णा बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवड्याने ड्रायव्हरनेच वाट बघणं सोडलं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी लबाडी केली नव्हती. जे दिसलं ते लिहिलं होतं. खोटे आकडे खपले नाहीत म्हणून हा म्हातारा रुसून बसला, असं मी मैत्रिणीला फोनवर ठणकावून सांगितल्याचं मला आठवतं.

वेगवान गाडीचं पुढे काय झालं ते अजून कुणालाच माहीत नाही. कधी वर्तमानपत्रात नकाशा येतो, कधी दुसरा नकाशा येतो. दोन्ही बाजूंचे लोक टीव्हीवर भांडतात, आणि आमच्यासारखे आणखी एक अहवाल लिहितात. पण थांबे काढायला नकाशा लागत नाही, खांब लागत नाहीत, जमीन लागत नाही. ते आधी झालं. आमच्या अहवालामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. आमच्यासारखे कागद आणखीही असतील. पण आमच्या परिशिष्टात त्या गावापुढे 'अकरा' होतं, आणि तो आकडा माझा होता.

बातमी अण्णांनी आपणहून सांगितली नाही. घर आवरताना ते दिसले. जिन्याखालची भांडी, पत्र्याचे डबे, सगळं बांधून ठेवलेलं.

"अक्काकडं चाललो," ते म्हणाले. "ह्या महिनाअखेरपतोर गाडी थांबती. पुन्यांदा पुन्यांदा जायचं तर थांबा पायजे. एकदाच जायचं तर शेवटची गाडी बास झाली."

"आणि हे घर?"

"तुमी हायसा की वर. खालचंही घ्या, न्हाईतर कुणाला तरी द्या. किती माणसं म्हणून विचारलं तर काय पण सांगा."

मी म्हटलं, मी पोचवायला येते. पेटी कोण उचलणार? ती त्यांची गार्डची काळी लोखंडी पेटी होती, जी नोकरीभर त्यांच्याबरोबर फिरली. "सुट्टी मिळत असली तर या," एवढंच म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही जंक्शनवर संध्याकाळची पॅसेंजर धरली. डबा भरला होता. कॉलेजच्या मुली, भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका, जंक्शनच्या दवाखान्यातून परतणारी माणसं. अण्णांना सगळे ओळखत होते. कुणी जागा दिली, कुणी पाणी. शेवटचा दिवस म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

स्टेशन जवळ आलं तसे अण्णा उठले आणि पुढे झाले. मी पेटी ओढत मागे. मध्ये माणसं आली. एका दाराशी ही गर्दी झालेली. दुसरं दार मोकळं, आणि फलाट त्याच बाजूला. पेटी जड होती. मी सरळ मोकळ्या दारातून फलाटावर उतरले आणि मागे वळून बघितलं, तर अण्णा नाहीत.

पुढचे काही क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. तोच बुटका फलाट, तेच कडुलिंब, दहा-बारा माणसं फाटकाकडे चाललेली. अण्णा त्यांच्यात नाहीत. शिट्टी झाली. गाडीत राहिले! गुडघ्यामुळे उतरता आलं नाही! मी "अण्णा, अण्णा" ओरडत खिडक्यांमधून बघत धावले. डबा मोकळा होता. गाडीने वेग घेतला. एकेक डबा माझ्यासमोरून गेला आणि शेवटचा डबा गेला.

आणि गाडीच्या पलीकडे गाव उभं होतं.

मुली, बायका, पाट्या, दवाखान्यातली माणसं, सगळी. उसातून एक पायवाट थेट रुळांपर्यंत आलेली होती, तिच्या तोंडाशी जुन्या लाकडी स्लीपरांचा एक ओटा रचलेला होता, पायरीसारखा. वर्षानुवर्षं गाव तिथे उतरत होतं. पूल नव्हता; फलाटावर उतरून रीतसर जायचं तर फाटकावरून मैलभर वळसा, तो कोण घालणार? फलाटाच्या बाजूला जे अकरा उतरायचे ते दुसऱ्या वाडीचे. मी त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून मोजत होते तेव्हा माझ्यासमोर गाडीची भिंत होती, आणि ती भिंत हटायच्या आधी मी तिच्यात चढून निघून गेले होते. तो डबा मोकळा होता कारण तो नुकताच मोकळा झाला होता.

त्या गर्दीत अण्णा उभे होते, माझ्याकडे न बघता. दूर जाणाऱ्या शेवटच्या डब्याकडे बघत होते. उजवा हात वर. ओठ हलले ते मला इकडून दिसले.

मी पेटी ओढत रूळ ओलांडले. एका मुलीने पेटीची दुसरी कडी धरली. मला रडू आवरत नव्हतं.

"सांगितलं का नाहीत अण्णा? एका शब्दाने सांगितलं असतं तर!"

"सांगितलं असतं तर तुमी लिवलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "उलट्या अंगाला उतरणं गुन्हा हाय बाई. मी गार्ड होतो, मला ठाव न्हाई काय? तुमच्या कागदात ते आलं असतं, की म्हैन्यात इथं कुंपण. मग थांबा असून काय उपेग? मला वाटलं, नुसते आकडे घेतील."

"आणि मला वाटलं, तुम्ही खोटे लिहिलेत."

"ते मला कळलं होतं," ते म्हणाले. "मी तरी तुमच्यावर कुठं इस्वास ठेवला?"

अक्काचं घर पायवाटेच्या गावाकडच्या तोंडालाच होतं. दारात एक वाकलेली म्हातारी पाय पसरून बसली होती. एका बाजूला चिंचोक्यांची रास, दुसऱ्या बाजूला तेलाचा जुना पत्र्याचा डबा. पायवाटेने एकेक माणूस समोरून गेलं की ती एक चिंचोका उचलून डब्यात टाकायची. अण्णांना बघूनही तिचा हात थांबला नाही; ते समोरून आले तेव्हा त्यांचाही एक चिंचोका डब्यात पडला, आणि मग ती म्हणाली, "आलास? बस." सगळी माणसं गेल्यावर तिने डबा उपडा करून चिंचोके मोजले, आणि अण्णांनी पेटीवर बसून वहीत आकडा लिहिला. इतकी वर्षं हे फोनवर व्हायचं.

"अक्का, आज शेवटची गाडी झाली. आता कशाला मोजतीस?" शेजारची एक बाई म्हणाली.

"आजची आली न्हवं?" अक्का म्हणाली.

मी अण्णांच्या हातातून वही घेतली. या वेळी त्यांनी दिली. माझ्या मोजणीची तारीख शोधली. सत्तेचाळीस.

वही परत दिली आणि अक्काच्या पायांशी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि कदाचित थोडी माफी मिळेल या आशेने, मी त्या राशीकडे बोट करून विचारलं, "अक्का, यात मला धरलंत का?"

तिने माझ्याकडे निरखून बघितलं, मग रुळांपलीकडच्या फलाटाकडे.

"तू त्या अंगाला उतरलीस न्हवं?" ती म्हणाली. "त्या अंगाचं मी मोजत न्हाई."